वणांकोगाम

स्टेशनचा तळ, पौष शु. ५, शके १८३०

ती. गं. भा. जानकीआत्यास, भगवंताचा सा. न. वि. वि.

आमच्या मोजणीच्या तुकडीने या चिमुकल्या स्टेशनाभोवतीची धार संस्थानची गावे कागदावर उतरवली. रूळ काळ्या शाईने, नाले निळ्या. गावांची नावे विचारून लिहिणे माझ्याकडे. टेकडीखालच्या एका गावाने मात्र मला कोड्यात टाकले आहे. पुरुष शेतात होते म्हणून विहिरीवरच्या बाईला विचारले. तिने घुंगट ओढून 'वणांको गाम' असे सांगितले आणि बाकीच्या बायका खो-खो हसल्या. मी नकाशावर 'वणांकोगाम' लिहिले. वणा म्हणजे कुणी जुना भिल्ल नाईक असेल का? आतोबा त्या बाजूला कमाविसदार होते, म्हणून विचारतो.

आपला, भगवंत

देवास, थोरली पाती, पौष शु. ११

चि. भगवंतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. अरे शहाण्या, माळवीत त्याचा अर्थ 'त्यांचे गाव'! गावाचे आणि तिच्या नवऱ्याचे नाव एकच असणार; ते ती कसे घेईल? पाच कुटुंबे आणून ते गाव तुझ्या आतोबांनी वसवले. लोकांनी गावाला त्यांचेच नाव दिले, पोरांनाही ठेवले. आम्हांला मूलबाळ नाही. त्यांचे नाव चालवणारे एवढे एक गाव आहे, ते पुसू नकोस. आता तुझे तुला कळले असेल. मला लिहायला लावू नकोस.

जेवणाची आबाळ करू नये. जानकी

तळ, पौष व. २

ती. आत्यास सा. न.

फार ओशाळलो. पण साहेब म्हणतात, भाच्याचे ऐकीव चालणार नाही. माहितगाराच्या हातचे लेखी हवे. आम्ही सात कोस पुढे आलो आहोत आणि कागद अष्टमीला छापायला जातो. तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

भगवंत

देवास, पौष व. ५

चि. भगवंतास आशीर्वाद.

मला अक्षरे त्यांनीच शिकवली, पण त्यांचे नाव मी एकदाही लिहिलेले नाही. सकाळपासून तीन कागद फाडले. साध्या वाक्यात ते हातून उतरेना. उखाणा सवाष्णींनी घ्यायचा, हे मला कळते. तरी घेते.

माळव्याच्या काळ्या भुईत ऊस होतो गोड,
गोपाळरावांच्या गोपाळपुऱ्याला नाही कुठे जोड.

साहेबांस पहिली ओळ नको असेल तर खोडू देत. दुसरीस हात लावू देऊ नकोस.

तुझी आत्या, जानकी