तुझं लग्नाआधीचं नाव

प्रिय आई,

तू गेल्याला चार महिने झाले. तुला पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं, पण काल वर्गात माझी फजिती झाली आणि ती सांगायला दुसरं आहे कोण?

बीएच्या मुलांना आफ्रिकेचा इतिहास शिकवत होते. परक्यांनी तिथल्या देशांना आपली नावं कशी चिकटवली, ऱ्होडेशियाचं पुढे झिंबाब्वे कसं झालं, वगैरे. जरा रंगातच आले होते. म्हटलं, "कुणाचं नाव कुणी बदललं, हे विचारायला शिका." तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्या आईचं पण लग्नात बदललंय. तुमच्या आईचं आधीचं नाव काय होतं?"

मला सांगता येईना, आई. पश्चिम आफ्रिकेतल्या राजांच्या पिढ्या मला पाठ आहेत आणि तुझं नाव ठाऊक नाही.

तू सांगायला आली होतीस. एमएच्या परीक्षेआधी मी हाच धडा मोठ्याने वाचत होते आणि तू शेजारी मेथी निवडत बसली होतीस. म्हणालीस, "माझं पण तसंच केलं की. ताटातल्या तांदळात अंगठीनं मंगल लिहिलं, झाले मी मंगल. त्याच्या आधी मला..." मी म्हटलं, "आई, पेपर आहे गं. नंतर सांग." तू पुन्हा मेथी निवडायला लागलीस. त्या पेपरात मला चांगले मार्क पडले.

पण तू तरी इतकं कशाला ऐकायचंस माझं? पुढे कितीतरी वर्षं होती. एकदा तरी रागावून सांगायचंस ना?

काल कॉलेजातून थेट नाशिक रोडला पप्पांकडे गेले. "होतं काहीतरी," ते म्हणाले. "मी कधी त्या नावानं हाकच नाही मारली ना." मला त्यांचा संताप आला. पण मी तरी काय वेगळं केलं होतं?

आज सुट्टी टाकून दिंडोरीकडे तुझ्या गावी गेले. मामा तुझ्याआधीच गेला आणि तो तुला अक्काच म्हणायचा. शाळेचं जुनं रजिस्टर पाहिलं. त्यात मामाचं नाव आहे. तुला शाळेत घातलंच नव्हतं. शेवटी तुझ्या बरोबरीच्या, शेजारच्या कौसाबाई भेटल्या. डोळे मिटून आठवत राहिल्या. "लय गोड नाव व्हतं तिचं. आता नाय येत ध्यानात," म्हणाल्या. "पर तू तिच्याच पोटची ना? तिलाच इचारायचं व्हतं."

परतीच्या बसमध्ये मी रडले. लोक बघत होते, बघू देत.

इतिहासाने मला माग काढायला शिकवलं. कागद शोध, माणसांना विचार, एकाच्या सांगण्यावर विसंबू नकोस. ते सगळं करून झालं. मनात येतं, तू यमुना असशील, नाहीतर गोदा. पण पुरावा नसेल तिथे मनाने काही भरायचं नाही, हेही मीच मुलांना शिकवते.

आई, तुला शब्द देते. उद्या वर्गात आधी आजची हकीकत सांगेन, आणि मुलांना म्हणेन, पुस्तक राहू दे, घरी जाऊन आईजवळ बसा. आणि तुझ्याविषयी लिहायला बसेन तेव्हा त्या नावाची जागा कोरी सोडेन. ती कुणामुळे कोरी राहिली, तेही खाली लिहीन.

तू जिचं नाव ठेवलंस ती,
वैशाली