माझा दम आधी तुटला

नांदेड, शनिवार संध्याकाळ

लातूरच्या शाळेला आज हुतुतूत हरवलं. आपला खेळाडू चढाईला गेला की मीही रेषेबाहेर त्याच्या जोडीनं हुतुतू घुमवतो. शाळेत खेळायचो तेव्हापासूनची खोड. पोरांचा दम तुटतो, माझा उरतो. आज आमच्या शाळेचा नरसिंग चढाईला गेला आणि माझाच आधी तुटला. खोकत खाली बसलो. तो दोघांना मारून परत आला. सदर मुदर्रिसांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, ‘शाबास’ म्हणत पाठ थोपटली, तीही माझी!

तुटलाच कसा? वय झालं, की पोरगंच भारी? कुणाला कळलं नसावं, असं वाटलं. परतताना नरसिंग हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचा आवाज मधीच बंद झाला. लई भ्यालो. मग एकट्यानंच म्हणलं."

उद्यापासून रेषेपाशी गप्प उभं राहायचं. जमेल का?