विम्यात मामांचं नाव पहिलं

मामा,

कान्येहून तुमच्या भाचीचा, ओरातिलेचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. गुरं बरी आहेत ना? तिकडे पाऊस पडला का? आणि तुमचा गुडघा? (याच क्रमाने विचारायचं, हे तुम्हीच शिकवलंत.) इकडे सगळं क्षेम, फक्त आईचा मोतीबिंदू पिकलाय. बुधवारी गाबोरोनेच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन आहे. ती म्हणते, जाईन तर लेकीच्या नव्या गाडीतून, नाहीतर राहू दे तो डोळा तसाच. आणि लेकीची गाडी अंगणात झाडाखाली उभी! मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलीय.

घोडं अडलंय विम्यापाशी. विमा सुरू झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असं कर्ज देणाऱ्या बँकेने बजावलंय. विमावाला लेबोपो (माझाच विद्यार्थी, तेव्हाही असाच प्रश्न विचारून जीव खायचा) म्हणाला, बाई, तुमच्याशिवाय आणखी कोण चालवणार त्यांची नावं द्या, बिननावाच्या माणसाने ठोकली तर भरपाई विसरा. मी सरळ मनाने धाकट्या भावाचं, थुसोचं, नाव दिलं. त्या शहाण्याने ते एका लग्नात मिरवत सांगितलं. झालं! संध्याकाळी थोरले काका स्वतःची खुर्ची घेऊन अंगणात हजर. "कालपर्यंत शेंबूड पुसत होता त्याचं नाव लागतं, आणि मी काय मेलोय?" पाठोपाठ आत्या. तिला गाडी चालवता येत नाही. पण येत नसलं म्हणून विचारायचंसुद्धा नाही का, म्हणून जी रडायला लागली, ती चहा येईपर्यंत थांबेना.

मग रीतसर बैठक बसली. हा विमा आहे हो, लग्नपत्रिका नाही, असं लेबोपो कळवळून सांगत होता, पण त्याला कोण विचारतो! थोरल्यांचं नाव आधी, धाकट्यांचं मागून, असं ठरलं. (हप्ता वाढेल, असं मी पुटपुटले. मला पाणी आणायला पाठवलं.) आत्याला सर्वांसमक्ष विचारलं. तिने मानाने नको म्हटलं, आम्ही दोनदा आग्रह केला, तिने तिसऱ्यांदा नको म्हटलं आणि खूश होऊन दोनदा जेवली. सगळं मिटतंय असं वाटलं, तेवढ्यात आई म्हणाली, माझ्या भावाच्या आधी या घरात कुणाचंही नाव लागणार नाही. मामाचा मान पहिला, हे काकांनीही कबूल केलं. तेव्हा मामा, विम्यात तुमचं नाव पहिलं लागलंय. अभिनंदन!

मामींना नमस्कार, वासरांना गोंजारणं.

तुमची लाडकी (निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी),
ओरातिले

ता. क. लेबोपोला प्रत्येकाचा गाडी चालवायचा परवाना हवाय. काकांचा आला, थुसोचा आला. तुमचा राहिलाय. त्याशिवाय विमा सुरू होत नाही म्हणे.

आणखी ता. क. मी आईला तुमच्या परवान्याचं विचारलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, त्याने ट्रॅक्टर चालवला, ट्रक चालवला, पण त्याच्याकडे परवाना मागायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्यानेही कधी काढला नाही. मामा, हे आम्हा दोघींपलीकडे कुणाला ठाऊक नाही. पत्र थुसोच घेऊन येतोय, त्याने वाटेत उघडू नये म्हणून पाकीट आईने स्वतः चिकटवलंय.

तुमचं नाव विम्यातून काढायची आमची काय टाप? ते तुम्हीच काढायचं. आजच रेंज येते त्या टेकडीवर चढून काकांना फोन करा. गुडघ्याने दगा दिलाय, आता पोरांना चालवू दे, असं सांगा. आम्ही दोनदा नको नको म्हणू. तुमच्या पाया पडते, तिसऱ्यांदा हट्ट धराच.

आणि मंगळवारी इकडे या. आई म्हणते, "नाव काढलंस तरी चालेल. पण पुढच्या सीटवर तू नसलास तर पट्टी सोडल्यावरसुद्धा मी डोळा उघडणार नाही."