बॉइनकाठचे चार दिवस

अण्णा, मला आयर्लंडला जायचं आहे आणि तुम्ही आडवे आला आहात. खरं म्हणजे आडवा आलाय माझा भारतीय पासपोर्ट. पण या घरात तो पासपोर्ट म्हणजे तुम्हीच, असं गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं सगळे धरून चालले आहेत. चार दिवसांची सुट्टी ठरवायला घेऊन सहा आठवडे झाले. एवढ्या वेळात तुम्ही साखळी टाकून अख्ख्या गावाच्या जमिनीची मोजणी उरकली असती, मी अजून व्हिसाच्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर आहे.

तुमचे जावई चार वर्षांपूर्वी गेले, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. रविवारी सकाळी गाडीच्या किल्ल्या वाजल्या नाहीत की मला अजून चुकल्यासारखं होतं. हॉस्पिटलातल्या नोकरीतून सुट्टी मिळाली की ह्यांना कुठेतरी निघायचं असे, आणि निघालं की थांबायचं नसे. एकदा सहलीच्या बसने आठ दिवसांत पाच देश झाले. माझे फोटो आहेत पाच चर्चांसमोर, कुठलं चर्च कुठलं ते मला आज सांगता येत नाही. म्हणून हे गेल्यावर मी मनाशी ठरवलं की जायचं तर एका जागी जायचं आणि तिथेच राहायचं. जागा मला लायब्ररीत सापडली. नववीत तुम्ही मला शाळेतून काढलंत, आईच्या दुखण्यात घर बघायला कोणी नव्हतं म्हणून. इंग्रजी वाचायला मी इथे बर्मिंगहॅमला मुलीच्या पुस्तकांतून शिकले, ती पुढे आणि मी तिच्या मागून. आता रोज दुपारी लायब्ररीत बसते. तिथे एका जाड पुस्तकात आयर्लंडमधल्या बॉइन नदीच्या खोऱ्याचा भाग होता. नदीच्या वळणाशी टेकडीवर मातीचा मोठा गोल उंचवटा आहे, आत दगडी वाट, तिच्या टोकाशी खोली. पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं. आणि दारात आडवा ठेवलेला एक दगड, त्यावर कोणीतरी टाकीचे घाव घालून घालून वेटोळी काढलेली. पुस्तक मी तीनदा रिन्यू केलं. मला तो दगड बघायचा आहे.

मुलगी लंडनमध्ये स्टॅनमोरला असते, सॉलिसिटर आहे. तिला सांगितलं तर ती आनंदाने म्हणाली, आपण सगळे जाऊ, मी सगळं बघते. आणि बघितलंच तिने. दोन दिवसांत तिच्या नवऱ्याने, माझ्या जावईबापूंनी, कॉम्प्युटरवर एक तक्ता करून पाठवला, रंगीत. साडेनऊ ते दहा पाच अमकी टेकडी, दहा वीसला निघायचं, अकराला किल्ला, मग डब्लिन, दुसऱ्या दिवशी थेट पश्चिमेचे समुद्राकाठचे उंच कडे, जाऊन-येऊन सात तास गाडीत. माझ्या दगडाला पन्नास मिनिटं. मी फोन केला.

"आई, सीरियसली, तू काय करणार तिथे चार दिवस?"

"बघणार."

"पण काय?"

"दगड. पहिल्या दिवशी गाईडबरोबर जाईन, दुसऱ्या दिवशी परत जाईन. मधल्या वेळात नदीकाठी बसेन."

"सेम जागा? दोनदा?" ती मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "शी वॉन्ट्स टु गो ट्वाइस." तिकडून तो म्हणाला, "आईंना विचार, दगड हलतो का."

मी हसले, पण मला राग आला होता. राग आला की मला तुमची आठवण येते, कारण ही खोड तुमची आहे. मे महिना आहे, मी दहा वर्षांची असेन. मोजणी खात्याच्या कामावर तुम्ही मला बरोबर नेलं आहे, दुपारी काम थांबल्यावर जवळची लेणी दाखवायला घेऊन आला आहात. मी चपला हातात घेऊन पळते, सगळ्या खोल्या फिरते आणि परत येऊन तुम्हाला सांगते, झालं बघून. तुम्ही पहिल्याच दाराशी बसलेले. विचारता, या उंबऱ्यावर काय कोरलंय? मला माहीत नाही. मी त्याच्यावरून उडी मारून गेलेली. तुम्ही चिडत नाही, नुसतं म्हणता, "बघून आलीस का हजेरी लावून आलीस?" मग मला तिथे बसवून ठेवलंत, संध्याकाळी माणसं साखळी गुंडाळून गाडीत टाकेपर्यंत. मला कंटाळा आला, रडूही आलं. पण त्या उंबऱ्यावरची कमळं मी आज इथे या कागदावर काढून दाखवीन.

तक्ता तर मी परत पाठवला. मग अडलं ते दुसरीकडेच. फेरीबोटीचं तिकीट काढताना माझं नागरिकत्व विचारलं गेलं आणि मुलीच्या लक्षात आलं की भारतीय पासपोर्टवर आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो. आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. फ्रान्सला लागतो, जर्मनीला लागतो, हे आम्हाला पाठ. पण आयर्लंड आम्ही कोणी परदेशात धरलंच नव्हतं. शेजारी आयरिश, मुलीच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षिका आयरिश, हवामानाच्या बातम्यांत तोच नकाशा. तीसहून जास्त वर्षं इथे काढून एवढं साधं माहीत नाही याचीच जास्त चीड आली.

जावईबापूंनी लगेच तोड काढली. बेलफास्टला विमानाने जायचं, तो उत्तर आयर्लंडचा भाग ब्रिटनचाच, तिथे व्हिसा नको. तिथून गाडीने दीड तासात खाली. "आई, तिथे बॉर्डर दिसतपण नाही. रस्त्याच्या कडेची लाइन पांढऱ्याची पिवळी होते, दॅट्स ऑल. कोणी विचारत नाही." मोजणी खात्यातल्या माणसाच्या मुलीला तो सांगत होता की हद्दीवर दगड नाही म्हणजे हद्द नाही. मी नाही म्हटलं. तो मुलीला म्हणाला असेल, तुझी आई अशक्य आहे. मुलगी मात्र गप्प बसली नाही.

"मग सिटिझनशिप घे ना, आई. एक टेस्ट आहे, तू झोपेत पास होशील. आजोबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली. अजून किती वर्षं त्यांना दिलेलं प्रॉमिस ठेवणार तू?"

मी म्हटलं, बघू.

हे ‘बघू’ मी तिच्या बाबांनाही म्हणत आले. प्रत्येक सहलीच्या आधी माझ्या एकटीसाठी व्हिसा काढायचा. विमानतळावर हे आणि मुलगी एका रांगेतून दोन मिनिटांत पलीकडे, मी दुसऱ्या रांगेत पाऊण तास. पलीकडून हे माझ्याकडे बघत उभे राहायचे, बॅगा सांभाळत. मी पोचले की म्हणायचे, "तुझ्या वडिलांची कृपा." कधी हसून, कधी न हसता. तुम्हाला ते बोल बसत होते आणि मी बाजूला उभी राहून बॅग उचलत होते.

शेवटी व्हिसाचाच अर्ज करायचं ठरलं. त्याच्याबरोबर चार दिवस कुठे, कशासाठी ते लिहून द्यायचं होतं. मुलगी म्हणाली, नदीकाठी बसणार असं लिहिलंस तर त्यांना वाटेल तू परत येणार नाहीस. तिने माझ्या वतीने इंग्रजीत एक पत्र तयार केलं, सुरेख भाषेत, आणि पोस्टाने पाठवलं. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. परवा सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते वाचत होते. तिसऱ्या परिच्छेदात होतं की अर्जदाराने इतकी वर्षं इथे राहूनही भारतीय नागरिकत्व सोडलेलं नाही, ते आपल्या दिवंगत वडिलांनी व्यक्त केलेल्या इच्छेचा मान राखून. पेन हातात होतं. माझ्याच्याने सही होईना.

कारण तुम्ही असं काही म्हणालाच नव्हतात. मी इकडे यायला निघाले त्या दिवशी तुम्ही माझा नवा पासपोर्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिलात, फोटो बरा आलाय म्हणालात. मीच विचारलं, पुढे तिकडचा घ्यावा लागला तर? तुम्ही म्हणालात, "कागद आहे. मोजणीचे नकाशेसुद्धा बदलतात. सोयीचं असेल ते कर." बस, एवढंच. आणि ज्या नकाशाची जमीन स्वतः चालला नाहीत त्यावर तुम्ही सही करत नव्हतात, वरच्या साहेबाने सांगितलं तरी. तुमच्या नावाने मी आता सरकारी कागदावर हे सही करून देणार होते.

झालं होतं ते असं. याच टेबलावर, मुलगी चार वर्षांची असताना, हे संध्याकाळी कामावरून आले आणि दोन फॉर्म समोर ठेवले, एक त्यांचा, एक माझा. माझा भरलेलाच होता. म्हणाले, "इथे सही कर, उद्या टाकतो." मी पोळ्या करत होते, हाताला पीठ होतं. मला विचारलं असतं तर मी बहुतेक हो म्हटलं असतं. पण विचारलं नाही. लग्न, इकडे येणं, हे घर, मूल एकच पुरे, सगळ्यावर मी अशीच हात पुसून सही केली होती. त्या दिवशी मला सही करायची नव्हती. ‘मला नको’ एवढं म्हणायला तेव्हा माझं तोंड उघडलं नाही, आणि उघडलं असतं तरी त्याला कोणी किंमत दिली नसती. म्हणून मी म्हटलं, अण्णांनी नको म्हणून सांगितलंय. ह्यांनी माझा फॉर्म उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. पुन्हा कधी विषय काढला नाही. तुमचा शब्द चालला, माझा चालला नसता. पुढे खरं सांगायला दर वर्षी जास्त उशीर होत गेला.

मी मुलीला ऑफिसात फोन केला. असा मी कधी करत नाही, त्यामुळे ती घाबरली.

"अगं, ते वाक्य काढ. आजोबांनी तसं सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मीच म्हटलं होतं. त्यांच्या नावावर."

मग तिने विचारलं, "बाबांना माहिती होतं?"

"नाही."

"एव्हर?"

"नाही."

"आई, बाबा आयुष्यभर आजोबांवर चिडून होते."

"माहीत आहे मला."

मग तिचा कामाचा आवाज आला, मला तेव्हा तो बरा वाटला. "ओके. मग रीझन काय लिहू?"

"मला नको होतं, असं लिही."

"एम्बसीला असं नाही लिहीत, आई."

"मग काहीच लिहू नकोस. आणि चारी दिवस एकाच जागी असं लिही. व्हिसा नाही मिळाला तर नाही मिळाला."

काल तिने नवं पत्र पाठवलं. ते वाक्य नाही, आणि चारी दिवसांपुढे एकाच गावाचं नाव आहे. आज सही करून टाकलं. आता महिनाभर वाट बघायची. मिळेल का नाही ते कळत नाही, आणि इतक्या कटकटीनंतर पूर्वीसारखी हौसही उरलेली नाही. पण जायचं आहे.

मुलीला मी निम्मंच सांगितलं, अण्णा. पूर्वी मी तुम्हाला एअर लेटर लिहायची तेव्हा खाली चार बोटं जागा सोडायची आणि हे तिथे दोन ओळी खरडायचे, सा. न. वि. वि., इकडे थंडी, तब्येतीस जपावे. फॉर्मच्या त्या संध्याकाळनंतर ते थांबलं. मी जागा सोडत राहिले, ती तशीच कोरी यायला लागली तुमच्याकडे. वर्षभराने तुम्ही लिहिलंत, जावईबापू हल्ली लिहीत नाहीत, माझ्याकडून काही चुकलं का? मी उत्तरात कामाचा ताण लिहिला, मुलीच्या दाताचं लिहिलं, बागेतल्या सफरचंदाचं लिहिलं. पुढे तुम्ही गेलात तेव्हा मी एकटीच आले आणि सगळ्यांना सांगितलं की ह्यांना रजा मिळाली नाही. रजा मिळत होती.

तुमचं काही चुकलं नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून आज लिहायला सोपं जातंय. तेव्हा त्या एअर लेटरच्या तळाशी जागा कोरी होती, एवढं तिथे सहज मावलं असतं.