बाबांची उरलेली बाटली

प्रिय योकास्ताताई,

हे पत्र बसवाला तिनो तुझ्याच हातात देईल. फोन केला असता, पण तुझा फोन अख्खं अंगण ऐकतं. एकटीनं वाच, आणि शनिवारच्या आत वाच.

तुझा निरोप मिळाला. शनिवारी बाबांच्या वर्षाच्या प्रार्थनेला सकाळी माळ जपून झाली की सगळ्यांना कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांचं मांगू, तळलेलं चीज, आणि आईनं जपलेल्या बाबांच्या अर्ध्या बाटलीतला एकेक घोट. वर तू विचारतेस, 'तू मोठा हॉटेलवाला ना, मग सांग, ती संपल्यावर न्याहारीबरोबर दुसरं काय द्यायचं? ऑगस्टचा उकाडा आहे, कुणाला चढायला नको.' वाचून हसू यायला हवं होतं. मी मागे भांड्यांच्या मोरीपाशी जाऊन बसलो.

इथं माझं कामच ते आहे, ताई. समुद्राकडच्या ओसरीवर सकाळी सातला टेबल मांडतो. फळं खाणाऱ्या बायकांना फेसाळ वाइनमध्ये संत्र्याचा रस. अंडी मागवणाऱ्याला टोमॅटोच्या रसात व्होडका, वर मिरची. म्हाताऱ्यांना कॉफीत बोटभर रम. ऊन तापलं की सगळ्यांनाच बर्फगार बियर. आमचा मुख्य, डॉन मेलिदो, पहिल्या दिवशी म्हणाला होता, "पोरा, सकाळी प्यायची माणसाला लाज वाटते. त्या लाजेवर फळाची फोड ठेवायची, बस्स. तेवढ्याचा पगार."

बाबांना कसली लाज! उठल्या उठल्या घोट, त्याला ते दात घासायचं औषध म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर यायच्या आधी फोनवर काय बोलले, आठवतं? "गोऱ्यांना न्याहारीला पाजतोस, आणि बाप तुझा आजन्म डबक्यासारखी गावठी पितो. कधीतरी माझ्यासाठीपण निवड काहीतरी, साहेब." तू मागून ओरडत होतीस, "त्यांचं ऐकू नकोस, नेल्फी, मोजे आण!"

मी मोजे आणले नाहीत. ती बाटली आणली, काळी, सोनेरी चिठ्ठीची. बाबा ती मांडीवर घेऊन बसले, लहान मूल घ्यावं तशी. मी दुपारच्या बसनं निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मांगूबरोबर तीन पेले घेतले म्हणे, आणि शेजारच्या चेपोला वासही घेऊ दिला नाही. "माझ्या पोरानं माझ्यासाठी निवडलीये. तू आपली घरची पी." तूच सांगितलंस मला हे, मातीच्या दिवशी, रडत आणि हसत.

हेही तूच सांगितलंस की त्याच्या दुसऱ्या दिवशी ते म्हणत होते, सगळं पांढरं दिसतंय, दार कुठंय. गावानं ठरवलं, शेतात ऊन लागून गेले. मीही मान हलवली.

ताई, बाटली हॉटेलची होती, आतलं हॉटेलचं नव्हतं. रिकामी बाटली मी कचऱ्यातून उचलली. इथं उसाच्या मळ्यापलीकडं एका घरी सुटी दारू मिळते, तिथं ती भरली, थोडी जळकी साखर घालून रंग आणला, बूच मेणानं बसवलं. इथले सगळेच असं करतात, गावी खरी बाटली कोण नेतो? मातीला येताना तिनोनं सहज सांगितलं, त्या घरची दारू पिऊन तिथल्या वस्तीतले चौघे गेले, एक आंधळा झाला. मी घरात आलो तर बाटली देव्हाऱ्यात, बाबांच्या फोटोला टेकून. आई म्हणाली, "हिला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा शेवटचा आनंद." मला वाटलं, बरंच झालं. कुणीच हात लावणार नाही.

आता तू लिहितेस, सगळ्यांना एकेक घोट. आई पहिला घेणार. म्हणून हे पत्र. आजच ती बाटली उचल आणि संडासाच्या खड्ड्यात ओत, कोंबड्या येतात तिथं नको. बाटली फोड, धुऊन ठेवू नकोस. न्याहारीला आल्याचा चहा दे, दुसरं काही नको. आईला काय सांगायचं ते मला सुचत नाही, वर्षभर सुचलं नाही. शनिवारी पहिल्या बसनं मी फाट्यावर उतरेन आणि तिथंच थांबेन. तू तिला सगळं सांगूनही तिनं मला बोलावलं, तर कुणालातरी पाठव. नाहीतर दुपारची बस आहेच.

तुझाच,
नेल्फी