खाली गेलं की बरं वाटतं

प्रिय आई,

मावशीकडे तुझं ठीक चाललं असेल. तिच्या शिलाई मशीनवर हल्ली तूच बसतेस, असं कळलं. इस्पितळात माझं काम एका पोलादी खोलीशी असतं. दुखणं घेऊन आलेल्या पाणबुड्याला आत बसवायचं, दार घट्ट लावायचं आणि हवेचा दाब वाढवत न्यायचा. 'शहाणे, एवढी बुकं शिकून शेवटी हवाच भरतेस होय?' असं तू म्हणशील. म्हण, पण पुढचं वाच.

खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांभोवती विरघळतो. माणूस सावकाश, मध्ये थांबत वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर आतल्या आत त्याचे बुडबुडे होतात. ते सांध्यापाशी अडकले की माणूस कळवळतो. पुन्हा खोल गेलं की दाबाने बुडबुडे आक्रसतात आणि कळ थांबते. तो इलाज नव्हे. वर आलं की दुखणं पुन्हा दारात हजर. पण तेवढा वेळ खरोखर बरं वाटतं.

तुला आठवलंच असेल. बाबा गोदीतल्या पाण्यात बुड्या मारून यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे; वाढलेल्या ताटाकडे बघायचेही नाहीत. तू काय झालं विचारलंस की एकच उत्तर, 'काही नाही. खाली गेलं की बरं वाटतं.' तू म्हणायचीस, 'मग तिथेच अंथरूण घाला.' ते हसायचे, आणि त्या हसण्याने तू अधिकच पेटायचीस. एके दिवशी तू पिशवी भरलीस. ज्याला घरात बरंच वाटत नाही, त्याच्यासाठी घर किती दिवस सांभाळायचं, असं मला म्हणालीस.

त्याचं थोडं उत्तर आता माझ्याकडे आहे. बाबांच्या उजव्या खुब्याचं हाड मेलं आहे. बुडबुड्यांनी रक्त अडवलं की काही वर्षांनी असं होतं. एक्स-रे मीच उजेडावर धरून पाहिला. बाबा पाण्यात असताना होडीतून त्यांचा दोर धरणारे काका परवा त्यांना इस्पितळात भेटायला आले होते. वर येताना तुम्ही बाबांना मध्ये थांबवत का नव्हतात, असं मी विचारल्यावर ते उखडलेच. 'अगं, थांबायची खूण म्हणून मी दोर ओढायचो, तर हाच उलटा हिसके द्यायचा, वर घे म्हणून! काय तर म्हणे, घरी ती जेवायची खोळंबलीय.' बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

गुरुवारी त्यांचा खुबा बदलणार आहेत. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे. तुझा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. त्यांनी बोलायला हवं होतं. तू यावंस म्हणूनच हे लिहिते आहे. शुद्धीवर आल्यावर त्यांना दुखेल. दुखतंय का, हे तू विचार. 'काही नाही' म्हणाले, तर या वेळी सोडू नकोस.

तुझीच,
शहाणी