आधी तू लिही

विश्रांतवाडी,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मंदाकिनीबाईंना नम्रताचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणून कटकट करायला मी आता तिथे नाही, म्हणजे तुम्ही चढत असणारच. आमच्याकडे सगळं ठीक. दिग्विजयची चाकणची नोकरी चालू आहे. संस्कृती यंदा सातवीत गेली आणि हल्ली मला इंग्रजीत रागावते, बाबाला नाही. उद्या दिग्विजयला टिळक रोडला काम आहे, त्याच्याबरोबर हे पत्र पाठवतेय. पत्र कशाला, फोन झिजला असता का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही आवाजावरून ओळखलं असतं, म्हणून पत्र.

परवा सदाशिव पेठेत आले होते. आपल्या लॅबच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिथे उभी राहिले आणि ते रिपोर्टची घाई करणारे गृहस्थ आठवले. तुम्ही मानही वर न करता म्हणाला होतात, "घाई असेल तर ज्योतिषाकडे जा. ते न तपासता सांगतात." बसले मुकाट्याने. आणि पुढे दर सहा महिन्यांनी आपल्याकडेच यायचे! मला एकटीलाच हसू आलं. दुकानातल्या मुलीला वाटलं, मी कव्हर बघतेय. मग तुमच्या फाटकापर्यंत आले आणि परत फिरले.

आपल्या चिठ्ठ्या तर रोज आठवतात. परभणीहून डिप्लोमा घेऊन आलेली मी, पहिल्याच आठवड्यात मायक्रोस्कोपखाली स्लाइड लावून तुम्हाला विचारलं, "बाई, हे काय आहे?" तुम्ही म्हणालात, "मला काय दिसतं ते मला माहीत आहे. आधी तू लिही." तेव्हापासून तोच रिवाज पडला. अवघड स्लाइड आली की मी चिठ्ठीवर माझं उत्तर लिहून घडी घालायची, मग तुम्ही बघून तुमचं लिहायचं, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. माझं चुकलं तरी तुम्ही कधी ओरडला नाहीत. खुर्ची सरकवून म्हणायचात, "परत बघ, पळून गेलेलं नाही ते." अकरा वर्षांत कामावर जायचा मला एक दिवस कंटाळा आला नाही.

तुम्ही लॅब बंद केल्यावर मी त्या मोठ्या कंपनीच्या लॅबमध्ये लागले, ते तुम्हाला माहीत आहे. ती नोकरी मी मार्चमध्ये सोडली, हे सांगितलं नव्हतं. त्याआधी दिवाळीत तुम्ही नोकरीबद्दल विचारलंत तेव्हा "मजेत" म्हणाले, तेही खोटं.

तिथे सलिल सर म्हणून मॅनेजर होते. मायक्रोस्कोपला डोळा लावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझं प्रत्येक काम डॉक्टरांकडे जायच्या आधी दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यायचं, असा त्यांचा हुकूम. फक्त माझं. सोमवारच्या मीटिंगमध्ये माझी चूक पडद्यावर दाखवायचे. ज्या आठवड्यात चूक सापडायची नाही, त्या आठवड्यात म्हणायचे, "या वेळी नशीब जोरावर दिसतंय, मॅडम." चार वर्षं हे ऐकलं. आधी राग यायचा. मग राग यायचा बंद झाला आणि मला ते खरंच वाटायला लागलं.

गेल्या मंगळवारी लोणी काळभोरजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये माझा इंटरव्ह्यू झाला. तिथल्या डॉक्टर सुरुचींनी रक्ताची स्लाइड दिली आणि काय दिसतं ते लिहायला सांगितलं. बाई, मलेरिया होता. लाल पेशींत अंगठीसारखे जंतू, एक नाही, चांगले पाच-सहा. पहिल्या दोन मिनिटांतच दिसले. तरी मी वीस मिनिटं नुसती बघत बसले आणि कागदावर लिहिलं, "दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे." त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "ते आम्ही घेऊच. तुम्हाला काय दिसलं?"

मी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काय दिसतंय?"

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पुढे त्यांनी विचारलं, सदाशिव पेठेत अकरा वर्षं काय करत होतात? मी म्हणाले, "मदतनीस होते. स्लाइडी धुवायचे."

कसं तोंडातून गेलं माझं मला कळलं नाही. तुम्ही शिकवलेलं सगळं मी एका वाक्यात पाण्यात घातलं. बसमध्ये रडले. मला माझी लाज वाटते, बाई, आणि त्याची माफी मागायला फाटकाच्या आत यायची हिंमत झाली नाही.

काल डॉक्टर सुरुचींचा फोन आला. म्हणाल्या, "स्लाइड फिरवताना तुमचा हात एकाच जागी तीनदा थांबला. तुम्हाला मलेरिया दिसला होता. गुरुवारी अकराला परत या, दुसरी स्लाइड देते. या वेळी उत्तर लिहा. तिसऱ्यांदा बोलावणार नाही."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. राजीनामा दिला त्या दिवशी सलिल सर हसून म्हणाले, "पेठेतल्या त्या बाईंनी तुम्हाला दया येऊन ठेवून घेतलं असणार." ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण तुमच्याकडे आले तेव्हा मी पुण्यात एकटी होते. माझी आई गेली तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्यासाठी डबा आणलात. एकदा दोन्ही चिठ्ठ्या उघडल्यावर तुम्ही तुमची फाडलीत आणि म्हणालात, "हिचं बरोबर, माझं चूक." त्या आठवणीवर मी कितीतरी वाईट दिवस काढले. आता तिथेही शंका येते, माझं मन राखायला तर फाडली नसेल?

म्हणून विचारते. मी कामात चांगली होते, की नुसत्या तुम्हीच चांगल्या होतात?

बुधवारपर्यंत फोन करून सांगा. गोड बोलू नका, तुम्हाला ते जमतही नाही. तुमचं उत्तर काहीही असलं तरी गुरुवारी मी जाणार आहे आणि दिसेल ते लिहिणार आहे.

सदाशिव पेठेत अकरा वर्षं तुमची टेक्निशियन होते ती,
नम्रता